सहलेखिका दलदल

३ जानेवारी, सकाळी ७.१०
आजपासून प्रश्नावली बंद. कायमची. सव्वीस वर्षं लोकांच्या दारात उभा राहून घरात माणसं किती, कमावती किती, शिकलेली किती, असं विचारत आलो. ही पद्धत वसाहतवादी आहे हे गेल्या महिन्यात परिषदेत कळलं. भाषण पूर्ण ऐकता आलं नाही (चहाला रांग लागायच्या आत उठलो), पण गाभा समजला. माणूस मध्यभागी नको, निसर्ग हवा. संशोधकाने विचारायचं नाही, ऐकायचं. ज्याच्याबद्दल लिहायचं त्यालाच सहलेखक करायचं.
माझी सहलेखिका ठरली. कॉलेजच्या मागची दलदल. जवळ आहे, जिना चढावा लागत नाही.
विशेषांकाची मुदत ३१ मार्च. प्रमोशनची मुलाखत एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात. या दोन तारखांचा एकमेकींशी काही संबंध नाही. फक्त नोंद.

त्याच दिवशी, दुपारी
नियम केले. दलदलीवर जाताना घड्याळ नाही, वही नाही, मोबाइल नाही. लिहून घेणं म्हणजे ताबा घेणं. 'उत्तरदाता' हा शब्द पुन्हा वापरणार नाही. ही रोजनिशी चालेल, कारण ती मी माझ्याचबद्दल लिहितो आणि माझी हरकत नाही.
हिला सगळं समजावून सांगितलं. ही टेलिफोन ऑफिसात तीस वर्षं लोकांचं ऐकून निवृत्त झालेली, त्यामुळे तिला ऐकण्याचं अप्रूप नाही. घड्याळ नसेल तर मला खांद्याच्या फिजिओथेरपीला वेळेवर कसे नेणार, एवढंच विचारलं. मूळ प्रश्न सोडून तपशिलात शिरायचा स्वभाव.

६ जानेवारी
पहिला दिवस. कॅन्टीनमागून वाट आहे, केमिस्ट्री लॅबच्या पाइपावरून एक ढांग टाकली की दलदल. गमबूट मेव्हण्याचे, एक नंबर मोठे. एका चपट्या दगडावर बसलो, डोळे मिटले, ऐकलं. अंदाजे तासभर. ऐकू आलं ते असं: जनरेटर. परीक्षा विभागाची घोषणा. एक बेडूक, किंवा पाइप.
मग कुणीतरी खाकरलं. साठीची बाई, गुडघाभर पाण्यात, हातात विळा. म्हणाली, जरा उठा, तो माझा धार लावायचा दगड आहे.
उठलो. तिने विळा परजला आणि लव्हाळा कापायला लागली. लव्हाळ्याच्या चटया विणते. पलीकडच्या वस्तीत सगळेच विणतात. म्हणजे पहिल्याच दिवशी परंपरागत ज्ञानधारक आपणहून समोर आली. पद्धत चालते आहे.
मी तिला मावशी म्हणतो. ती मला मास्तर म्हणते. आपल्यात उतरंड नको, म्हणून मास्तर म्हणू नका असं सांगितलं. बरं मास्तर, म्हणाली.

१० जानेवारी
मावशी फार बोलत नाही. मौनाचंही एक ज्ञानशास्त्र असतं हे तिला समजावून सांगितलं. बराच वेळ लागला. तोवर तिने अर्धा पट्टा कापला. पाण्याच्या वर चार बोटं सोडून कापते, म्हणजे पुन्हा फूट येते. मधल्या बेटावरचा कापतच नाही, तिथे पाखरं घरटी करतात. मी माझा मुद्दा पुढे नेत होतो, त्यामुळे हे तपशील बाजूला राहिले. निघताना म्हणाली, आलाच आहात तर दोन मोळ्या वर न्या. नेल्या. ओला लव्हाळा इतका जड असेल असं वाटलं नव्हतं. कंबर गेली.
एक वाक्य मात्र मिळालं. "यंदा पाणी खालून मागं सरकतंय." किती खोल. यावर संध्याकाळी दीड पान लिहिलं.

१४ जानेवारी
पाणी खरोखरच मागं सरकतंय. खालच्या अंगाला कुणीतरी चर खणलाय, दलदल उपसायला. मावशीला तेवढंच म्हणायचं होतं. दीड पान तसंच ठेवलं आहे. वाक्याला एकच अर्थ असतो असं धरून चालणं हीसुद्धा वसाहतवादी सवय.

१९ जानेवारी
विभागप्रमुखांनी बोलावलं. माझीच विद्यार्थिनी. आता तिच्या केबिनबाहेरच्या बाकावर मी बसतो. पहिल्या वर्षाचे पेपर तपासून का आले नाहीत, असं विचारलं. गुण देणं हीच मुळात कशी हिंसा आहे ते मी मांडलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, शुक्रवारपर्यंत द्या, सर.
मी दारापर्यंत गेल्यावर तिने हळूच सांगितलं की मॅनेजमेंटचं मागच्या जागेवर काहीतरी चाललंय, जरा जपून. जपण्याचा प्रश्नच नाही. मी ऐकतोय फक्त.

२० जानेवारी
स्टाफरूममध्ये टक्केवारी भेटला. (खरं नाव काहीही असो. प्रत्येक वाक्यात टक्के आणतो म्हणून टक्केवारी. त्याचे लेख छापून येतात.) तुमच्या नव्या अभ्यासात n किती, म्हणजे किती माणसं घेतली, असं सगळ्यांसमोर विचारलं. मी चहा तसाच ठेवून निघालो.
जिन्यात सुचलं: n म्हणजे निसर्ग. परत वर गेलो. तो तासाला निघून गेला होता. गुडघा दुखतोय.

२३ जानेवारी, शुक्रवार
पेपर झाले नाहीत. पुढच्या शुक्रवारी नक्की.

२७ जानेवारी
नैतिकता समितीला सहभागी व्यक्तीचं लेखी संमतीपत्र लागतं. सहभागी दलदल आहे हे अर्जात स्पष्ट लिहिलं होतं, तरी सहीचा रकाना रिकामा म्हणून परत. आज फॉर्म घेऊन गेलो आणि चिखलात दाबला. उत्तम ठसा उमटला. समितीच्या क्लार्कने तो दोन बोटांत धरून लांबून पाहिला. नंतर फोन आला, ओला फॉर्म वर ठेवल्याने खालच्या तीन फाइली खराब झाल्या, येऊन पुसून द्या.
पुसून दिल्या. संमती मंजूर.

२ फेब्रुवारी
दलदलीच्या कडेला खांबावर पाटी ठोकली आहे. अक्षरं बारीक, मावशीला दिसत नाहीत. वाचून दाखवा म्हणाली. वाचलं. कॉलेजच्या विस्तारासाठी इथे भर टाकून क्रीडांगण आणि वाहनतळ होणार. वस्तीही त्यात जाते. कुणाची हरकत असेल तर लेखी द्यावी. सुनावणी १४ मार्चला, जमीन कार्यालयात.
लेखाच्या दृष्टीने फार महत्त्वाचं वळण. मी जरा उत्साहातच होतो. मावशी पाण्यात उभी राहून पाटीकडे बघत होती. मग म्हणाली, तुम्ही लिहिणारे आहात, एक अर्ज लिहून द्या.
मी तिला नीट समजावलं. अर्ज ही कचेरीची भाषा. पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान त्या ठरावीक मायन्यात कोंबणं म्हणजे त्याची कत्तल. मावशीने मोळी बांधली, गाठ दाताने आवळली आणि विचारलं, "मग कचेरीला कळेल असं कुणाच्या भाषेत लिहायचं?"
अप्रतिम प्रश्न. लेखाच्या तिसऱ्या भागाचं शीर्षक मिळालं.

३ फेब्रुवारी
काल अर्ज लिहून न देण्याचा आणि अर्जावर आपल्याच कॉलेजविरुद्ध माझं अक्षर दिसण्याचा काहीही संबंध नाही. कालचा निर्णय पूर्णपणे पद्धतीचा होता. हे इथे लिहून ठेवतो म्हणजे पुढे शंका नको.

९ फेब्रुवारी
अकरा पानं झाली. लेखकांच्या क्रमाचा विचार केला. तत्त्वतः दलदल पहिली. पण पहिल्या लेखकाला प्रमोशनचे पूर्ण गुण मिळतात आणि दुसऱ्याला निम्मे. दलदलीला प्रमोशन नको आहे. मी पहिला.

१३ फेब्रुवारी
नियतकालिकाच्या वेबसाइटवर प्रत्येक लेखकाचा स्वतंत्र ईमेल लागतो. दलदलीच्या नावाने खातं उघडलं. जन्मतारीख अनिवार्य. सुरक्षेसाठी पहिल्या शाळेचं नाव. माझ्याच शाळेचं घातलं. मग दलदलीला मेल आला की तुम्ही या लेखाच्या सहलेखिका आहात का. दलदलीच्या खात्यातून हो म्हटलं. आभाराचा मेल मला आला. एका संध्याकाळी दोन्ही बाजू सांभाळून थकलो.

१८ फेब्रुवारी
आज मन लागत नाहीये. जे झालं ते सरळ लिहितो.
मावशी म्हणाली, जमीन कार्यालयात जाऊन आले. ते म्हणतात वीस वर्षांहून जास्त इथला लव्हाळा कापताय याचा कागद दाखवा. आमच्याकडे कागद कुठला. मग मला आठवलं, मास्तर, तुमच्याकडे असेल.
माझ्याकडे कसा, विचारलं.
तिने सांगितलं. बावीस वर्षांपूर्वी मी इथे आलो होतो. मिशी काळी होती. बरोबर कॉलेजच्या चार मुली, हातात फॉर्म. घराघरात गेलो, माणसं किती, विळे किती, आठवड्याला मोळ्या किती, कधीपासून राहता, सगळं लिहून घेतलं. तिच्या सासूचं वय तीनदा विचारलं, कारण सासू दर वेळी वेगळं सांगत होती. सत्तेचाळीस घरं. ती तेव्हा दारातच चटई विणत बसली होती, तिला सगळं लक्षात आहे.
मला वाटलं होतं तिने ओळखलं नाही. पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. दगडावर डोळे मिटून बसलेला बघितला तेव्हाच.
शोधतो म्हणालो.

१९ फेब्रुवारी
माळ्यावर दोन तास शोधलं. तिथे नाही हे माहीत होतं, पण शोधलं असं सांगता यायला हवं.
२ जानेवारीला, म्हणजे ही रोजनिशी सुरू करायच्या आदल्या दिवशी, सगळ्या जुन्या प्रश्नावल्या रद्दीत दिल्या. सहा गठ्ठे. त्या दिवशी फार हलकं वाटलं होतं. माणसांना रकान्यांतून मुक्त केल्यासारखं. रद्दीवाल्यालाही मी तसं म्हणालो. तो म्हणाला, पिना काढून द्यायला हव्या होत्या.

२० फेब्रुवारी
माणूस एखाद्या जागेचा आहे हे कागदाने ठरावं, हा विचारच मुळात परका. मावशीला हेच सांगणार. उद्या.

२१ फेब्रुवारी
गुडघा.

२३ फेब्रुवारी
गुडघा. शिवाय ऊन फार.

२६ फेब्रुवारी
अंघोळीला गेलो असताना बेल वाजली. हिने दार उघडलं. मावशीचा आवाज. मी पाणी चालू ठेवलं. बराच वेळ. त्या दोघी स्वयंपाकघरात बसून बोलत होत्या. पाणी गार झालं, तरी बोलत होत्या. शेवटी थंडी वाजून बाहेर आलो तेव्हा मावशी गेली होती आणि ही टेबलाशी बसून एका वहीत काहीतरी लिहीत होती. डाव्या हाताने. उजवा खांदा वर जात नाही म्हणून.
हिने विचारलं, ते सर्व्हेचे गठ्ठे कुठे आहेत. मी दस्तऐवज आणि सत्ता यांच्या नात्याबद्दल बोलायला लागलो.
"रद्दीत दिलेत ना?"
एका अर्थी हो, म्हणालो. तिने पेनाला टोपण लावलं. वही मिटून आत गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

१ मार्च
ही रोज दुपारी वस्तीवर जाते. आता एकतीस घरं उरली आहेत. प्रत्येक घरात बसते, विचारते, लिहिते. फिजिओथेरपी बुडवते. पद्धतशास्त्राच्या दृष्टीने त्यात किती चुका आहेत ते मी जेवताना दाखवून दिलं. वाढून घ्या, म्हणाली.

५ मार्च
विभागप्रमुख आमच्या घरी आली होती. मी घरी असताना, पण मला भेटायला नाही. हिला भेटायला. बरोबर कॉलेजच्या ग्रंथालयातून काढलेला जुना प्रबंध. तिचाच. त्या चार मुलींतली उंच मुलगी तीच होती. मी विसरलो होतो, किंवा विसरलो असं धरून चाललो होतो. माझ्या सर्व्हेवर तिने प्रबंध लिहिला आणि शेवटी परिशिष्टात सत्तेचाळीस घरांचे तक्ते जसेच्या तसे जोडले. घर क्रमांक, माणसं, विळे, मोळ्या, कधीपासून.
तक्ते बघितले. आखणी माझी. रकाने सुबक आहेत. तेव्हा मी तीस-पस्तिशीत होतो आणि संध्याकाळी प्रत्येक फॉर्म स्वतः पुन्हा तपासायचो. हे कुणाला सांगितलं नाही.
तिने हिला सांगितलं की सुनावणीला ती स्वतः येईल. मॅनेजमेंटविरुद्ध. चार्ज जाईल तिचा. तरुण माणसांना परिणामांची कल्पना नसते. अठ्ठेचाळीस म्हणजे तरुणच.

१० मार्च
लेख पाठवला. तेवीस पानं. खूप मोकळं वाटायला हवं होतं.
सुनावणीला मीही जाणार आहे. दलदलीच्या वतीने निवेदन लिहिलं आहे, पहिल्या पुरुषात: "मी दलदल बोलते आहे." दोन वेळा मोठ्याने वाचलं. ही बाहेरच्या खोलीत होती, तिने रेडिओ लावला.

१४ मार्च, संध्याकाळी
सुनावणी. लांबट खोली, पंखा एकाच बाजूला. अधिकारी तरुण बाई, सर्दी झालेली. दुसऱ्या रांगेत प्राचार्य आणि कॉलेजचे वकील.
माझा नंबर आधी आला. उभा राहिलो. नाव, पत्ता, नोकरी कुठे, विचारलं. कॉलेजचं नाव सांगितलं. प्राचार्यांनी मागे वळून पाहिलं. कुणाच्या वतीने बोलणार, असं अधिकारी बाईंनी विचारलं. निवेदन हातात होतं. घडी उघडली नाही. मी निरीक्षक म्हणून आलोय असं सांगून बसलो.
मग मावशी उठली. तिच्या हातात काही नव्हतं. ती म्हणाली, "एकतीस घरं आहेत. आधी सत्तेचाळीस होती. कोपऱ्यावर भर टाकून तुमचं कॅन्टीन बांधलं त्या वर्षी सोळा घरांत पाणी शिरलं, ती गेली. त्याच वर्षी कॉलेजच्या तळघरातली पुस्तकं भिजली. आम्हीच बाहेर काढली, आमच्या चटयांवर वाळत घातली. ही जागा पाणी पिते. तिचं तोंड बांधलं की पाणी जाणार कुठं?"
अधिकारी बाईंनी नाक पुसलं आणि लिहून घेतलं. हिने एकतीस घरांची वही दिली. विभागप्रमुखाने उभं राहून प्रबंध दिला. म्हणाली, "हा सर्व्हे मी विद्यार्थिनी असताना केला. दारात कसं उभं राहायचं आणि काय विचारायचं, हे सरांनी शिकवलं होतं."
वकिलांनी हरकत घेतली. विद्यार्थिनीचा प्रबंध हा पुरावा नव्हे, मूळ फॉर्म कुठे आहेत. मग अधिकारी बाई माझ्याकडे वळल्या. सर्वेक्षण तुमच्या देखरेखीखाली झालं होतं का, तक्ते खरे आहेत का.
सगळी खोली माझ्याकडे बघत होती. मावशीसुद्धा. मी म्हणालो, त्या काळच्या पद्धतीबद्दल आज माझे काही मतभेद आहेत.
दुजोरा नाही, असं त्यांनी लिहिलं. मला ते लांबून दिसलं. भर टाकायचं काम तूर्त थांबवलं आहे. ५ एप्रिलला संयुक्त मोजणी होईल, कार्यालयाचा एक माणूस, कॉलेजचा एक, वस्तीतला एक. त्यानंतर निर्णय.
घरी येताना ही मागच्या सीटवर बसली. पुढची रिकामी होती.

१५ मार्च
माझं वाक्य तांत्रिकदृष्ट्या अचूक होतं. मतभेद आहेतच.

१८ मार्च
विभागप्रमुखाचा चार्ज प्रशासकीय कारणास्तव काढून घेतला. प्राचार्यांनी बोलावून माझ्या तटस्थ भूमिकेचं कौतुक केलं. कार्यकारी विभागप्रमुख: मी. सव्वीस वर्षांनी.
केबिनची किल्ली तिनेच आणून दिली. खणात काय कुठे आहे ते सांगितलं, खिडकीची कडी नीट लागत नाही, कागद उडतात, हेही. मी म्हणालो, हे तात्पुरतं आहे. ती म्हणाली, हो सर. आता त्या बाकावर ती बसत नाही. सरळ निघून जाते.
घरी सांगितलं. ही म्हणाली, अच्छा.

२४ मार्च
केबिनमध्ये कुणी येत नाही. एकदा टक्केवारी आला, अभिनंदन करून गेला. n विचारला नाही. खिडकीची कडी खरंच लागत नाही.

३० मार्च
लेख परत. नाकारला. एका परीक्षकाने भाषेचं कौतुक केलं आहे. दुसऱ्याचा अभिप्राय चार ओळींचा. निसर्गाला आवाज देण्याचा दावा करणाऱ्या या लेखात तेवीस पानं लेखकच बोलतो. दलदलीकाठी माणसं राहतात का? असल्यास किती? त्यांचं म्हणणं काय?
तोच मेल दलदलीलाही गेला आहे. तिच्या खात्यात न वाचलेला पडून आहे. मी उघडला नाही.

२ एप्रिल
मोजणीला कॉलेजतर्फे मीच. प्राचार्यांनी फॉर्म समजावून सांगितला. शेवटी एक रकाना आहे, वापर किती वर्षांपासून. तिथे 'पुरावा उपलब्ध नाही' असं लिहायचं. खाली आणखी एक ओळ, पूर्वीच्या सर्वेक्षणप्रमुखाचा दुजोरा. ती रिकामी सोडायची. तुमची मुलाखत जवळ आली आहे, हेही आठवणीने सांगितलं. बघतो, म्हणालो.
तीन रात्री... नाही, दोन. दोन रात्री झोप नीट नाही. उकाडा.

५ एप्रिल, रात्री जेवणानंतर
नऊ वाजता पोहोचलो. घड्याळ लावून, वही घेऊन. कार्यालयाचा मोजणीदार, वस्तीतर्फे मावशी आणि मी. गमबूट घातले नाहीत. पाणी इतकं सरकलंय की चपलेवर भागलं.
पहिलं घर मावशीचंच. मोजणीदाराने फॉर्म माझ्याकडे दिला, तुम्ही विचारा, तुमचा विषय आहे. मी विचारलं. माणसं किती. चार. विळे किती. तीन, एकाची मूठ गेली आहे. आठवड्याला मोळ्या किती. पूर्वी चाळीस, आता पंधरा. का कमी झाल्या. चर खणल्यापासून वरचा पट्टा वाळला. मधल्या बेटावर पाखरं आली का. यंदा नाही आली. हे रकान्यात नव्हतं, समासात लिहिलं. ती बोलत गेली आणि मी लिहीत गेलो. मान वर करायला सवड नव्हती. किती वेळ गेला कळलं नाही.
मग मीच म्हणालो, की तीन महिने मी इथे येत होतो, ऐकत होतो, पण माझ्या हातून... पुढचं वाक्य जुळेना. मावशी चटईची कड दुमडत होती. म्हणाली, "मागच्या खेपेला बरं होतं, मास्तर. मागच्या खेपेला तुम्ही विचारत होता."
शेवटचा रकाना आला. मी आकडा लिहिला. तिच्या सासूपासून धरून चोपन्न वर्षं. खालच्या ओळीत लिहिलं की तक्ते माझ्या देखरेखीखाली झाले, प्रत्येक फॉर्म मी स्वतः तपासला होता, ते खरे आहेत. सही केली. तारीख घातली. मूळ फॉर्म कुठे गेले, तेही लिहिलं. रद्दीत, माझ्या हातून.
यात धैर्य वगैरे काही नाही. रकाना लहान होता. मतभेद लिहायला जागा नव्हती.
एकतीस घरं व्हायला साडेचार वाजले, मग मोजणीदाराने फॉर्मची प्रत कॉलेजात दिली. प्राचार्यांचा फोन सव्वापाचला. चार्ज उद्यापासून टक्केवारीकडे. मुलाखतीचं पत्र आता येणार नाही, असं त्यांनी म्हटलं नाही. मीही विचारलं नाही. माझ्या विद्यार्थिनीचा चार्ज तिला परत मिळेल का, हे मात्र विचारलं. म्हणाले, तो वेगळा विषय आहे. उद्या तिला भेटायला हवं. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही. निर्णय महिनाभराने येईल, कुठल्याही बाजूने.
हिला सगळं सांगितलं. थोडक्यात, एका दमात, कुठलाही संदर्भ न देता. तिने ताट बाजूला सारलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, बरं केलंत.
जानेवारीपासून पहिल्यांदाच कुणी मला बरं केलंत म्हटलं. आणि त्यात पद्धत म्हणावी असं काहीच नव्हतं.